"आमच्यात असं सांगत नाहीत": मूल्यं जिथली तिथली की सगळ्यांची?

काठावरची

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आठ महिन्यांपूर्वी माझी आत्या गेली. पोटाचा कॅन्सर. निदान झालं त्या दिवशी मी सोबत होते. डॉक्टरांनी आम्हा पाच जणांना आत बोलावलं. आत्या बाहेर बाकावर, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटना कितपत कल्पना द्यायची?" थोरला आतेभाऊ क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "काहीच नाही. आमच्यात असं सांगत नाहीत." डॉक्टरांनी मान डोलावली. भावाने फाईलमधला बायॉप्सीचा रिपोर्ट काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर येऊन आत्याला सांगितलं, अल्सर आहे, औषधं जरा लांबतील.

पुढचे पाच महिने आम्ही सगळे अल्सर-अल्सर खेळलो.

मला खटकलं होतं. जिच्या पोटातली बातमी, तिला सोडून घरादाराला माहीत. पण मी तोंड उघडलं नाही, कारण मनात हेही आलं की आजाऱ्याला तोंडावर सगळं सांगायचं हा काय देवाचा नियम आहे? एखाद्या समाजात एकटा माणूस केंद्रस्थानी, म्हणून तिथे तसं. दुसऱ्या समाजात घर केंद्रस्थानी, म्हणून जड बातमी घराने उचलायची. यात प्रेम नव्हतं असं तर मी म्हणूच शकत नाही. भाऊ रात्रीच्या रात्री तिच्या उशाशी बसलेला मी पाहिलाय.

तेव्हापासून छळणारा प्रश्न हा: नीती ही जिथली तिथली असते, की काही गोष्टी कुठेही, कुणीही केल्या तरी चूकच? आणि तसं असेल तर ते ठरवायचं कशावरून? पुस्तकी उत्तरंही चालतील. फक्त आत्याला विसरू नका.

जुना पापी

आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पण प्रश्नाचा निकाल इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच लागलाय.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलेली गोष्ट आहे. इराणचा सम्राट दारियस याने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं प्रेत खाल? ते म्हणाले, कितीही द्या, नाही. मग त्याने कॅलाटिया नावाच्या लोकांना बोलावलं. हे लोक आईबापांची प्रेतं खात. ग्रीकांना कळावं म्हणून दुभाषा उभा केला आणि त्यांना विचारलं, काय घेऊन बापाला जाळाल? ते ओरडलेच, असलं अभद्र तोंडातून काढू नका म्हणाले. हिरोडोटस म्हणतो, रूढी सगळ्यांची राजा, हे पिंडार कवीचं म्हणणं खरं.

झालं. यापुढे तत्त्वज्ञांनी फक्त शाई खर्च केली.

मी_बापडा

त्या कॅलाटियांना हिरोडोटस हिंदुस्थानी म्हणतो, आणि आपण बहुतेक जण बसलोय ग्रीकांच्या बाकावर! असो. वाचतोय.

उलटतपासणी

पापीसाहेब, गोष्ट फर्मास, निष्कर्ष कच्चा.

दोघांचं एकमत नाही यावरून त्या प्रश्नाला उत्तरच नाही, हे कसं निघालं? पृथ्वी सपाट की गोल यावरही माणसं भांडली आहेत. तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९८६ साली नेमकी हीच फट दाखवली होती: 'लोक वेगवेगळं मानतात' इथून 'म्हणून खरं-खोटं काही नसतं' इथवर उडी मारताना मध्ये पूलच नाही.

शिवाय गोष्ट पुन्हा वाचा. जाळणारे आणि खाणारे दोघेही एकाच गोष्टीसाठी जिवाच्या आकांताने ओरडतायत: बापाची विटंबना होऊ नये. भांडण आहे ते विटंबना कशाला म्हणायचं यावर. 'मेला ना, द्या फेकून' असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

आणि यातून 'म्हणून दुसऱ्यांच्यात नाक खुपसू नये' असं जे नेहमी काढतात, तिथे तर सरळ हातचलाखी आहे. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने ती पकडली. 'बरोबर म्हणजे त्या त्या समाजापुरतं बरोबर' हे पहिलं वाक्य. 'म्हणून इतरांनी ढवळाढवळ करणं चूक' हे दुसरं. या दुसऱ्या वाक्यातलं 'चूक' कुणापुरतं आहे? ते हळूच सगळ्यांना लावलंय. ज्या समाजाच्या नीतीत ढवळाढवळ हेच पुण्य, त्याला तुम्ही काय सांगणार?

जुना पापी

'तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटतं' हा डाव जुना आहे हो. प्लेटोने प्रोटॅगोरसवर टाकला होता, 'ज्याला जे वाटतं ते त्याच्यापुरतं खरं' म्हणणाऱ्यावर. पण मी सहिष्णुतेची भीक मागतच नाहीये.

तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मन यांची उपमा घ्या. वस्तू हलतेय की स्थिर आहे, हे कशाच्या तुलनेत ते ठरवल्याशिवाय बोलता येत नाही. आगगाडीत बसलेला माणूस डब्याच्या हिशेबाने स्थिर, फलाटाच्या हिशेबाने पळतोय. म्हणून गती हा भ्रम आहे असं कुणी म्हणत नाही. नीतीचंही तसंच. चौकट सांगा, चूक की बरोबर ते सांगतो. चौकटीबाहेर उभं राहून बघायला जागाच नाही, एवढंच माझं म्हणणं.

उलटतपासणी

आत्या कोणत्या चौकटीत होती?

जुना पापी

घराच्या. अजून कुठल्या?

निवृत्त_स्टेथो

चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. त्यातली निम्मी नातेवाइकांच्या डोळ्यांच्या खुणा वाचण्यात गेली असतील. दाराशी उभा राहून पेशंटच्या पाठीमागून मान हलवणारा मुलगा प्रत्येक डॉक्टरने पाहिलेला असतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मलाही पूर्वी वाटायचं की सांगणं-न सांगणं ही पूर्व-पश्चिम भानगड आहे. मग दोन पाहण्या वाचनात आल्या. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं, कॅन्सरच्या रुग्णाला निदान सांगता का? सुमारे ९० टक्के म्हणाले, शक्यतो नाही. तीच प्रश्नावली पुन्हा वापरून केलेली पाहणी १९७९ साली छापून आली. या वेळी ९७ टक्के म्हणाले, सांगतो. मध्ये अठरा वर्षं. देश तोच, भाषा तीच. उपचार सुधारले, कॅन्सर म्हणजे फाशीच असं राहिलं नाही, प्रयोगांसाठी रुग्णाची संमती घेणं भाग पडू लागलं, आणि लोक डॉक्टरांना उलट विचारायला लागले. म्हणजे ज्याला आपण 'पाश्चात्त्यांचं मूल्य' म्हणून हात जोडतो किंवा नाकं मुरडतो, ते तिथेही माझ्यापेक्षा वयाने लहान आहे.

आता तिसरी पाहणी. १९९५, लॉस एंजेलिस, ६५ वर्षांवरचे ८०० लोक. पसरलेल्या कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगावं का? युरोपीय वंशाच्यांतले ८७ टक्के आणि आफ्रिकन वंशाच्यांतले ८८ टक्के हो म्हणाले. मेक्सिकन वंशाच्यांतले ६५. कोरियन वंशाच्यांतले ४७. परिषदांमध्ये हा तक्ता पडद्यावर आला की वक्ता म्हणायचा, "बघा, संस्कृती!" मी तो तक्ता उलटा वाचतो. कोरियनांतल्या जवळपास निम्म्यांना सांगितलेलं हवंय. युरोपीयांतल्या दर आठांमागे एकाला नकोय. समोर बसलेली बाई कोणत्या निम्म्यात आहे हे आडनावावरून कळत नाही.

मग कळायचं कसं? मी शेवटची दहा-बारा वर्षं एकच करायचो. तपासणीला पाठवतानाच, म्हणजे निकाल कुणालाच माहीत नसताना, पेशंटला एकट्याला विचारायचो, "रिपोर्ट आला की तुमच्याशी बोलू की घरच्यांशी?" पुष्कळ जण म्हणायचे, "लेकाशी बोला, मला नका सांगू." मी लेकाशी बोलायचो, आणि मला त्यात खोटेपणा वाटला नाही. काही बायका मात्र आधी दाराकडे बघून घ्यायच्या आणि मग हळू आवाजात म्हणायच्या, "मला सांगा."

काठावरची, तुमच्या डॉक्टरांनी प्रश्न बरोबर विचारला. माणूस चुकला.

शब्दवेडी

स्टेथोकाका, हे शेवटचं वाक्य जपून ठेवतेय.

मी मात्र शीर्षकावरच अडकले. 'आमच्यात'. आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामं आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो, 'आम्ही' म्हटलं की बाहेर राहतो. संस्कृतात यासाठी एकच 'वयम्', हिंदीत 'हम', इंग्रजीतही एकच. त्यांना हा भेद करायचा तर वेगळं वाक्य लागतं. आपण तो प्रत्येक वाक्यात, नकळत करतो.

भाऊ डॉक्टरांना म्हणाला 'आमच्यात'. डॉक्टर बाहेरचे, व्याकरण चोख. पण त्या 'आमच्या'त आत्या होती का? ती खरोखरीच बाहेर होती, बाकावर. हेच वाक्य तिच्यासमोर म्हणायची वेळ आली असती, तर 'आमच्यात असं सांगत नाहीत' असं तिला म्हणताच आलं नसतं. 'आपल्यात' म्हणावं लागलं असतं. आणि 'आपल्यात' म्हटलं की समोरच्याला उलट बोलायची मुभा मिळते. ती म्हणाली असती, "कधीपासून रे?"

मी_बापडा

+१. परंपरेवर चाललेल्या कुठल्याही भाषणात हात वर करून 'कधीपासून?' विचारून बघा. वक्ता पाण्याचा ग्लास शोधतो.

दक्षिणायन

गोडीगुलाबीत चाललंय, तर जरा मिठाचा खडा टाकतो.

'सगळ्यांची मूल्यं' असा शिक्का आजवर कुणाच्या हातात होता? जगाला सुसंस्कृत करायला निघालेल्यांच्या. त्या नावाखाली भाषा मारल्या, जमिनी घेतल्या, मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली. सापेक्षतावाद, म्हणजे 'नीती जिथली तिथली' हे मत, ही काही आळशी लोकांची पळवाट म्हणून जन्मली नाही. फ्रान्झ बोआस, रूथ बेनेडिक्ट, मेल्विल हर्स्कोविट्स ही मानववंशशास्त्रज्ञ मंडळी वंशश्रेष्ठत्वाच्या माजाला उत्तर देत होती. १९४७ साली अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला निवेदन दिलं, ते मुख्यतः हर्स्कोविट्स यांनी लिहिलेलं. त्याचा रोख असा, की हा होऊ घातलेला जाहीरनामा फक्त पश्चिम युरोप आणि अमेरिकेच्या मूल्यांचा होणार नाही, याची काय शाश्वती?

प्रश्न रास्त होता. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांत ५८ सदस्य. आफ्रिका जवळजवळ अख्खी कुणाच्या तरी मुठीत. आणि 'सर्व माणसं स्वतंत्र जन्मतात' याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत वसाहती चालवणारे देशही होते.

शब्दवेडी, तुमच्या भाषेत सांगायचं तर ते 'आपण' म्हणत होते आणि मनात 'आम्ही' होतं.

उलटतपासणी

दक्षिणायन, शेवटचं वाक्य मान्य. पण त्याच सभागृहातली दुसरी बाजूही बघा.

मानवी हक्कांच्या त्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात, पहिल्या कलमात, इंग्रजीत 'सर्व मेन' असं होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या. आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांचं म्हणणं होतं की त्या शब्दात बायका येतातच की. मेहतांना माहीत होतं की येत नाहीत. कायद्याची वेळ आली की बरोबर गळतात. शेवटी 'ह्यूमन बीइंग्ज' झालं. म्हणजे 'सर्व' या शब्दात खरोखर सर्व आणण्याचं काम नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या बाईने केलं. चीनचे पेंग चुन चांग यांनी त्यात देवाला किंवा निसर्गाला हक्कांचा उगम म्हणून बसवू दिलं नाही. का, तर तो उगम सगळ्यांचा नाही.

१० डिसेंबर १९४८ ला मतदान झालं. ४८ बाजूने, विरोधात शून्य, ८ तटस्थ. तटस्थांत सोव्हिएत गट, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षी वर्णभेदाचा पुरस्कार करणारा पक्ष सत्तेवर आला होता. 'आमच्यात असं चालत नाही' म्हणायची गरज कुणाला पडते ते बघा. १९९० च्या दशकात 'आशियाई मूल्यां'चा गजर झाला तेव्हाही तेच. बोलत होते सिंगापूरचे ली क्वान यू, सत्तेच्या बाजूचे. त्यांना १९९४ साली उत्तर दिलं ते दक्षिण कोरियाच्या किम डे-जुंग यांनी, ज्यांना लष्करी राजवटीने १९८० साली फाशीची शिक्षा सुनावली होती (पुढे ती कमी झाली). दोघेही आशियाईच. फक्त एकाकडे तुरुंगाच्या किल्ल्या होत्या आणि दुसऱ्याने तुरुंग आतून पाहिला होता.

ती १९४७ ची भूमिका मानववंशशास्त्र संघटनेने पुढे स्वतःच सोडली. १९९९ साली मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला.

दक्षिणायन

हंसा मेहतांबद्दल ऐकून होतो, 'मेन'चा तपशील माहीत नव्हता. थोडा विचार करून लिहितो.

आकडेमोड

तत्त्वज्ञान पुरे, माणसं प्रत्यक्षात काय करतात ते बघू.

२०१९ साली ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६० समाजांची वर्णनं चाळली. सात गोष्टी सगळीकडे चांगल्याच मानल्या जातात का, एवढाच प्रश्न: नातेवाइकांना मदत, आपल्या गटाला मदत, उपकाराची परतफेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान, न्याय्य वाटणी, दुसऱ्याच्या मालकीचा आदर. जिथे जिथे उल्लेख सापडला तिथे या गोष्टी जवळजवळ विनाअपवाद चांगल्याच मानलेल्या होत्या.

आता दुसरा प्रयोग. जोसेफ हेन्रिक वगैरेंनी १५ छोट्या समाजांत एक खेळ लावला. एकाला रक्कम द्यायची. त्याने दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही भोपळा. पेरूमधले माचिग्वेंगा सरासरी २६ टक्के द्यायचे, आणि समोरचा ते मुकाट घ्यायचा. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात, जिथे देवमाशाची शिकार होडीभर माणसांनी मिळून करावी लागते, लोक निम्म्याहून जास्त द्यायचे. पापुआ न्यू गिनीतले आऊ आणि ग्नाऊ तर निम्म्याहून मोठा वाटा देऊ केला तरी नाकारायचे, कारण मोठी भेट घेतली की मिंधेपण आलं.

'न्याय्य वाटणी' हे मूल्य सगळीकडे. पण न्याय्य म्हणजे किती, यात जमीन-अस्मान. ज्याला जे सिद्ध करायचंय त्याने तो अभ्यास उचलावा.

उलटतपासणी

आणि सगळीकडे मानतात म्हणून ते बरोबर, हेही निघत नाही, हे माझ्याच बाजूच्यांना सांगायला हवं. गुलामगिरी कित्येक संस्कृतींना शतकानुशतकं मान्य होती. मतमोजणी केली असती तर दणदणीत बहुमत. 'आपल्या गटाला मदत' ही सातांतली एक, आणि गुलामांचे मालक एकमेकांना भरपूर मदत करत.

पण एक बारीक गंमत. काही माणसं जन्मजात गुलाम असतात हे सिद्ध करायला अ‍ॅरिस्टॉटल बसतो, तेव्हा त्याला आधी सांगावं लागतं की काही लोकांच्या मते गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती फक्त रूढीने आणि बळजबरीने चालते. म्हणजे तेव्हाच्या ग्रीसमध्येही 'हे चूक आहे' म्हणणारे होते. त्यांची नावं तो देत नाही. गुलामांचं मत तर त्याने विचारलंच नाही. आपण म्हणतो 'त्या काळी सगळ्यांना मान्य होतं'. सगळ्यांना म्हणजे ज्यांचं लिहिलेलं टिकलं त्यांना.

तिसरी घंटा

मी तत्त्वज्ञानातली नाही, पाच वर्षांच्या कार्टीची आई आहे. पण यावर एक प्रयोग वाचला होता, तो परवा घरी करून पाहिला.

एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाचा. मुलांना विचारायचं: शाळेत गणवेश घालायचा असतो. बाई म्हणाल्या की उद्यापासून नको, तर रंगीत कपडे चालतील? माझी म्हणाली, "हो, चालतील." (डोळे चमकले.) मग विचारलं, "शाळेत कुणाला ढकलायचं नसतं. बाई म्हणाल्या की उद्यापासून ढकललं तरी चालेल, तर?" ती जरा थांबली. म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "अगं पण बाईच म्हणाल्या!" तर म्हणते, "बाईंना सांग, त्याला लागतं."

बाईंपेक्षा मोठं तिच्या जगात कुणी नाही. तरी बाईंच्या वर काहीतरी आहे हे तिला कळतं, आणि ते म्हणजे ढकललेल्याला लागतं.

आता यातली मेख. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली भुवनेश्वरमधल्या मुला-माणसांना असे प्रश्न विचारले, तर तिथे रूढी आणि नीती यांच्यात अशी रेघच दिसेना. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापणं आणि कोंबडी खाणं हे त्यांना भयंकर पापांपैकी एक वाटलं. पण यावर ट्युरिएलच्या बाजूचं उत्तर असं की, त्याने वडिलांच्या आत्म्याला इजा पोचते अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे पुन्हा 'त्याला लागतं'. पुन्हा मेलेला बाप, पुन्हा विटंबना, वरच्या त्या ग्रीकांसारखंच. मी काही निकाल देत नाही. मला भाजी निवडायचीये.

जुना पापी

"बाईंना सांग, त्याला लागतं." या पोरीला माझा नमस्कार सांगा.

पण मी हरलो नाहीये. उलटतपासणी, तुमची युक्ती आता लक्षात आली. प्रत्येक समाजातून तुम्ही एक आतला विरोधक शोधून काढता: ग्रीसमधले निनावी, किम डे-जुंग, दाराकडे बघणारी पेशंट. मग म्हणता, बघा, 'आमच्यात' हे एकमुखी नव्हतंच. ठीक. पण जिथे असा विरोधकच नाही तिथे? जिच्यावर अन्याय होतोय असं तुम्हाला वाटतं तिलाच तो मनापासून मान्य असेल तर? तिला दाराकडे न बघताच 'लेकाशी बोला' म्हणायचं असेल तर?

उलटतपासणी

इथे मी अडखळते, खरंच. एक उत्तर असं आहे की ज्याला कधी निवडच मिळाली नाही त्याचं समाधान पुरावा म्हणून धरू नये. अमर्त्य सेन यांनी यावर लिहिलंय, वंचितांच्या इच्छाही त्यांच्या वंचनेच्या मापाने आखडतात. पण हे अस्त्र दुधारी आहे. 'तुला काय हवंय ते तुलाच कळत नाही' हे मीही म्हणू लागले तर आतेभावात आणि माझ्यात फरक काय राहिला?

स्टेथोकाकांची ती 'लेकाशी बोला' म्हणणारी माणसं मला म्हणूनच पटतात. त्यांना विचारलं होतं, आणि 'मला सांगा' म्हणायची वाट खरोखर उघडी होती. विचारणं आणि खरंच विचारणं यात फरक कसा ओळखायचा, त्याचं पाठ करण्यासारखं सूत्र माझ्याकडे नाही.

दक्षिणायन

विचार करून लिहितो म्हटलं होतं.

माझी चीड बाहेरून येणाऱ्या दंडुक्याबद्दल होती, आणि ती कायम आहे. पण चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेबद्दल पुन्हा वाचलं. जवळपास हजार वर्षं चाललेली प्रथा. लहान मुलीची बोटं तळव्याखाली वळवून कापडाने आवळून बांधायची, ती बांधायची आईने किंवा घरातल्या बायकांनी. त्या आया दुष्ट नव्हत्या. पाय न बांधलेल्या मुलीला चांगलं स्थळ मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आई रडत असेल आणि आवळतही असेल. मला इथे तो शर्टाच्या खिशातला रिपोर्ट दिसला.

बादशाही फर्मानांनी ती प्रथा हटली नव्हती. हटली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला, आणि बऱ्याच भागांत एका पिढीतच. त्यात मिशनरी होते, बाहेरचे लोक आपल्याला हसतात याची लाज होती, कांग यूवेई यांच्यासारखे देशी सुधारकही होते. पण प्रथेविरुद्ध निघालेल्या मंडळांनी लढवलेली युक्ती फार साधी. सभासद कुटुंबांनी दोन शपथा घ्यायच्या: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाला पाय बांधलेली सून आणणार नाही. एकट्या आईला प्रथा मोडणं परवडत नव्हतं. शंभर आयांनी एकदम मोडली तर स्थळं तिथल्या तिथेच मिळत होती.

म्हणजे प्रेम आधीही होतं, नंतरही तेच. पापीसाहेब, तुमची चौकटही तीच. आतल्या लोकांनी मिळून तिचा एक खिळा काढला.

जुना पापी

खिळा काढला की चौकट तीच राहते का, यावर स्वतंत्र धागा काढतो. आज झोपतो.

मी_बापडा

त्या धाग्यात हिरोडोटस आणू नका ही विनंती.

निवृत्त_स्टेथो

काठावरची, तुम्ही बराच वेळ गप्प आहात.

काठावरची

वाचत होते. सगळं दोनदा वाचलं. शब्दवेडी, तुमचा 'आमच्यात-आपल्यात' प्रतिसाद वाचून उठले आणि आतेभावाला फोन केला. गेल्या आठ महिन्यांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

आधी इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "दादा, आपण आत्याला विचारायला हवं होतं का रे, तिला कळायला हवंय का म्हणून?" मुद्दाम 'आपण' म्हटलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तिनेच विचारलं होतं."

मलाच काय, कुणालाच हे माहीत नव्हतं. दुसऱ्या महिन्यात, दुपारी घरात दोघंच होते. आत्या पलंगावर बसून सगळी फाईल उलगडून पानं लावत होती. तिने विचारलं, "यातला एक रिपोर्ट कमी आहे, कुठाय?" तो म्हणाला, "डॉक्टरांकडे असेल."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. बरं म्हणाली. आणि चष्मा काढून ठेवला."